संप्रेरकीय गर्भनिरोधके आणि शरीराची दैनिक लय

स्त्रीच्या शरीरातील इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांसारखे कार्य करणारी कृत्रिम द्रव्ये देऊन गर्भधारणा टाळणाऱ्या साधनांना संप्रेरकीय गर्भनिरोधके असे म्हणतात. रोज घ्यावयाची गोळी, तीन महिन्यांनी घ्यावयाचे इंजेक्शन, दंडाच्या त्वचेखाली बसवली जाणारी कांडी, त्वचेवर चिकटवण्याची पट्टी, योनीमार्गात ठेवायचे कडे आणि संप्रेरक स्रवणारे गर्भाशयातील साधन हे त्यांचे प्रमुख प्रकार होत. ही साधने मासिक चक्र थांबवतात किंवा बदलतात, हे सर्वांना ठाऊक असते. चोवीस तासांच्या दैनिक लयीवरही त्यांचा परिणाम होतो, याकडे मात्र फारसे लक्ष दिले जात नाही. आजवरच्या अभ्यासांतून दिसते ते असे की, शरीराच्या घड्याळाचे काटे ही द्रव्ये फारसे पुढेमागे करीत नाहीत. परंतु ते घड्याळ ज्या खुणांवरून वाचले जाते त्या खुणांची, म्हणजे रात्रीच्या तापमानाची आणि मेलाटोनिन व कॉर्टिसॉल यांच्या पातळ्यांची, मापे बदलतात. हे ध्यानात न घेतल्यास निरोगी स्त्रीच्या रक्तचाचणीवर आजाराचा शिक्का बसतो आणि झोपेची खरी तक्रार मनाचा खेळ म्हणून सोडून दिली जाते.

दैनिक लय म्हणजे काय

सजीवांच्या अंगी स्वतःचे असे घड्याळ असते ही कल्पना जुनी आहे. १७२९ साली फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ द मेरां यांनी लाजाळूसारखी पाने मिटणारी एक वनस्पती अंधारात ठेवून पाहिली, तेव्हा सूर्यप्रकाश नसतानाही तिची पाने वेळेवर उघडत व मिटत राहिली. मानवी शरीरात या घड्याळाचे मुख्य केंद्र मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमस या भागात, दोन्ही डोळ्यांच्या मज्जातंतू जेथे एकमेकींना छेदतात त्याच्या किंचित वर असते. सुमारे २०,००० चेतापेशींचा हा इवलासा पुंजका आहे. डोळ्यांतून येणाऱ्या प्रकाशाच्या वार्तेवरून तो रोज आपली वेळ जुळवून घेतो. प्रकाशाची खूण मिळाली नाही तर माणसाचे घड्याळ सरासरी २४ तासांहून काही मिनिटे अधिक अशा गतीने चालते. पेशींमधील या घड्याळाची जनुकीय यंत्रणा उलगडल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश व मायकेल यंग यांना २०१७ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

मेंदूतील हा पुंजका जिवंत माणसात थेट पाहता येत नाही. म्हणून संशोधक त्याच्या खुणा मोजतात. शरीराचे अंतर्गत तापमान सायंकाळी सर्वाधिक असते आणि पहाटे चार-पाचच्या सुमारास सर्वांत कमी होते. पिनियल ग्रंथीतून स्रवणारे मेलाटोनिन अंधार पडल्यावर वाढते व उजाडताना ओसरते. अधिवृक्क ग्रंथीतील कॉर्टिसॉल मध्यरात्रीच्या आसपास तळाला असते, पहाटेपासून चढत जाते आणि जाग आल्यानंतरच्या अर्ध्या-पाऊण तासात त्याला आणखी एक उसळी येते. संप्रेरकीय गर्भनिरोधकांचा हात लागतो तो नेमका या तीन खुणांना.

दिवसाचे चक्र आणि महिन्याचे चक्र

ही दोन चक्रे एकाच घड्याळाची असावीत, असे सकृद्दर्शनी वाटते. तसे नाही. भारतातील कालजीवशास्त्राचे अग्रणी एम. के. चंद्रशेखरन व त्यांच्या सहकाऱ्यांनी मदुराई कामराज विद्यापीठात यासाठी एक बंदिस्त कक्ष उभारला होता. तेथे राहणाऱ्या स्वयंसेवकास घड्याळ, सूर्यप्रकाश, वर्तमानपत्र असे वेळ सांगणारे काहीही उपलब्ध नसे. अशा एकांतवासात राहिलेल्या एका स्त्रीच्या निरीक्षणांवरून त्यांनी १९९१ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात दाखवून दिले की, तिची झोप-जागृतीची लय आणि तिचे मासिक चक्र परस्परांशी बांधलेले नव्हते. एका दालनात दोन घड्याळे टांगलेली असावीत, त्यातलाच हा प्रकार.

तथापि ही घड्याळे एकमेकांना सर्वस्वी परकीही नाहीत. अंडमोचन घडवून आणणारी पियुषिका ग्रंथीतील संप्रेरकाची लाट बहुधा रात्र उलटल्यानंतर ते सकाळ या काळात सुरू होते. उलट दिशेने पाहिले तर, अंडमोचनानंतर वाढणारे प्रोजेस्टेरॉन शरीराचे तापमान ०.३ ते ०.५ अंश सेल्सिअसने वाढवते. ही वाढ रात्री अधिक ठळक दिसते. त्यामुळे रात्रीची तापमानाची उतरण उथळ होते, आणि दिवस व रात्र यांतील अंतर कमी होते. म्हणजे चक्राच्या उत्तरार्धात दैनिक लय वेळेवरच चालते, पण तिचा चढउतार बसका होतो. गर्भनिरोधकांचा परिणाम समजण्यासाठी हा नैसर्गिक बदल आधी लक्षात घ्यावा लागतो.

दोन घटक, दोन वाटा

बहुतेक गोळ्यांमध्ये दोन द्रव्ये असतात. एक इस्ट्रोजेन गटातील, बहुधा एथिनिल इस्ट्राडायॉल. दुसरे प्रोजेस्टेरॉनसारखे कार्य करणारे, म्हणजे प्रोजेस्टोजेन गटातील. भारत सरकारच्या कुटुंब कल्याण कार्यक्रमातील माला-एन आणि सवलतीच्या दरात मिळणारी माला-डी या गोळ्यांमध्ये ०.०३ मिलिग्रॅम एथिनिल इस्ट्राडायॉल व ०.१५ मिलिग्रॅम लेव्होनॉर्जेस्ट्रेल असते. पाकिटातील २८ गोळ्यांपैकी २१ संप्रेरकांच्या असून उरलेल्या सात तपकिरी गोळ्या लोहाच्या असतात. १९६० मध्ये अमेरिकेत गर्भनिरोधक म्हणून मान्यता मिळालेल्या एनोविड या पहिल्या गोळीत यांच्या कित्येक पट मात्रा होती, त्यामुळे त्या काळातील निष्कर्ष आजच्या गोळीला जसेच्या तसे लावता येत नाहीत.

दैनिक लयीच्या दृष्टीने या दोन घटकांची कामे वेगळी आहेत. प्रोजेस्टोजेन प्रामुख्याने मेंदूतील तापमान-नियंत्रण केंद्रावर परिणाम करते. एथिनिल इस्ट्राडायॉलचा मोठा परिणाम यकृतावर होतो. पट्टी किंवा कडे वापरले, म्हणजे द्रव्य पोटातून गेले नाही, तरी यकृतावरील हा प्रभाव टळत नाही, कारण या कृत्रिम रेणूचे विघटन यकृतात सहजी होत नाही. कोणत्या साधनाने काय बदलेल हे बव्हंशी या एका भेदावरून सांगता येते. कांडी, इंजेक्शन व केवळ प्रोजेस्टोजेन असलेल्या गोळ्या यांत इस्ट्रोजेन नसल्याने पुढे वर्णिलेले यकृतामार्फतचे परिणाम त्यांत उद्भवत नाहीत. गर्भाशयातील लेव्होनॉर्जेस्ट्रेल साधनाचे कार्य मुख्यतः स्थानिक असते. ते वापरणाऱ्या अनेक स्त्रियांमध्ये अंडमोचन सुरूच राहते आणि त्यासोबत तापमानाचा नैसर्गिक मासिक चढउतारही.

रात्रीचे तापमान

संयुक्त गोळी घेणाऱ्या स्त्रियांचे रात्रीचे तापमान, गोळी न घेणाऱ्या स्त्रियांच्या चक्राच्या पूर्वार्धातील तापमानापेक्षा अधिक असते; ते जवळपास उत्तरार्धातील पातळीवर राहते. फरक इतकाच की नैसर्गिक चक्रात हा उंचावलेला काळ साधारण दोन आठवड्यांचा असतो, तर गोळीवर तो तीन आठवडे टिकतो. गोळ्यांचा क्रम थांबल्यावर तापमान उतरू लागते, पण लगेच पहिल्या दिवशी नव्हे.

याचे व्यावहारिक परिणाम दोन. पहिला असा की, सकाळी उठल्याबरोबर तापमान मोजून अंडमोचनाचा दिवस ओळखण्याची पद्धत गोळी चालू असताना निरर्थक ठरते. दुसरा परिणाम झोपेचा आहे. गाढ झोप लागण्यासाठी शरीर निवावे लागते. हातापायांच्या त्वचेतून उष्णता बाहेर पडते आणि अंतर्गत तापमान उतरते. ही उतरण उथळ झाल्यास झोपेची घडण बदलणे स्वाभाविक आहे. प्रयोगशाळेत रात्रभर मेंदूचे आलेख घेऊन केलेल्या काही अभ्यासांत गोळी घेणाऱ्या स्त्रियांमध्ये झोपेचा दुसरा, तुलनेने हलका टप्पा वाढलेला आणि अतिगाढ झोप काहीशी कमी झालेली आढळली आहे. परंतु हे अभ्यास थोड्या स्त्रियांवर झाले, आणि प्रश्नावलीवर आधारलेल्या मोठ्या पाहण्यांचे निष्कर्ष एकमुखी नाहीत. गोळी सुरू केल्यानंतर कोणाची झोप सुधारते, विशेषतः पाळीतील वेदना कमी झाल्याने, कोणाची बिघडते. ‘गोळीने झोप उडते’ असे सरसकट विधान करण्यास आधार नाही. तसेच एखादी स्त्री आपली झोप बिघडल्याचे सांगत असेल तर तिचे म्हणणे उडवून लावण्यासही आधार नाही.

मेलाटोनिन, चहा आणि एक यकृतातील विकर

यकृतामध्ये सीवायपी-१ए२ नावाचे एक विकर असते. मेलाटोनिनचे विघटन मुख्यतः तेच करते. चहा-कॉफीतील कॅफिनचेही तेच करते. एथिनिल इस्ट्राडायॉल या विकराचा वेग मंदावते. त्यामुळे संयुक्त गोळी घेणाऱ्या स्त्रियांच्या रक्तात रात्रीचे मेलाटोनिन अधिक आढळल्याच्या नोंदी अनेक अभ्यासांत आहेत. मेलाटोनिन वाढू लागण्याची वेळ मात्र त्या प्रमाणात सरकलेली दिसत नाही. शरीराने ते अधिक निर्माण केले असे नसून निचरा मंदावल्याने ते साचते, असा याचा अर्थ लावला जातो. झोपेसाठी किंवा लांबच्या विमानप्रवासानंतर मेलाटोनिनच्या गोळ्या घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे, कारण बाहेरून घेतलेल्या मेलाटोनिनची रक्तातील मात्रा गर्भनिरोधक गोळीसोबत कित्येक पटींनी वाढते.

कॅफिनची गोष्ट तर घरोघरची आहे. सर्वसाधारण प्रौढ व्यक्तीच्या शरीरातील कॅफिन निम्मे होण्यास सुमारे पाच तास लागतात. संयुक्त गोळी घेणाऱ्या स्त्रीमध्ये हा काळ सुमारे दुप्पट होतो. आता सायंकाळी पाच वाजता घेतलेल्या चहाचे गणित मांडू. गोळी न घेणाऱ्या स्त्रीच्या शरीरात रात्री दहा वाजता त्यातील निम्मे कॅफिन उरेल आणि पहाटे तीन वाजता पाव. गोळी घेणाऱ्या स्त्रीच्या शरीरात रात्री दहाला सुमारे ७० टक्के शिल्लक असेल, आणि निम्म्यावर येण्यास पहाटेचे तीन वाजतील. तोच कप, तीच वेळ, पण रात्रीच्या दृष्टीने तो चहा जणू कित्येक तास उशिरा घेतलेला. गोळी सुरू केल्यानंतर झोप उशिरा लागू लागली तर गोळी बदलण्याआधी दुपारनंतरचा चहा बंद करून पाहावा, हा उपाय स्वस्त आणि निरुपद्रवी आहे. आपल्याकडे गोळी देताना तो क्वचितच सांगितला जातो, हे खेदजनक म्हणावे लागेल.

कॉर्टिसॉल आणि चाचणीतील चकवा

रक्तातील बहुतांश कॉर्टिसॉल एका वाहक प्रथिनाला बांधलेले असते; मोकळा अंश थोडाच असतो आणि कार्य करतो तो हाच. एथिनिल इस्ट्राडायॉलमुळे यकृत हे वाहक प्रथिन अधिक तयार करते. परिणामी रक्तातील एकूण कॉर्टिसॉल सुमारे दुपटीपर्यंत वाढलेले दिसते, मोकळे कॉर्टिसॉल मात्र जवळपास पूर्वीइतकेच राहते. सकाळी चढ व रात्री उतार हा क्रमही कायम असतो. बसगाड्या वाढल्या तरी रस्त्यावर पायी चालणारे तेवढेच राहावेत, तसे हे आहे. प्रयोगशाळा मात्र बसमधल्यांसकट सगळ्यांची मोजदाद करते.

वैद्यकीय तपासणीत याचे महत्त्व मोठे आहे. कॉर्टिसॉलचा अतिरेक करणाऱ्या कुशिंग विकाराच्या शोधासाठी डेक्सामेथासोन देऊन दुसऱ्या सकाळचे रक्त तपासले जाते. गोळी घेणाऱ्या स्त्रीत ही चाचणी विकार नसतानाही सदोष येऊ शकते. म्हणून अशा चाचणीपूर्वी इस्ट्रोजेनयुक्त औषधे सुमारे सहा आठवडे थांबवण्याचा किंवा रात्री उशिराच्या लाळेतील मोकळे कॉर्टिसॉल मोजण्यासारखी अन्य चाचणी करण्याचा प्रघात आहे. गोळी थांबवायची तर त्या काळात गर्भनिरोधाचे दुसरे साधन लागते, हे ओघाने आलेच. थायरॉईडच्या एकूण संप्रेरकाच्या बाबतीतही असाच चकवा होतो. रक्त देताना आपण गोळी घेत असल्याचे न विचारता सांगावे, ते याकरिता.

एक बदल मात्र केवळ मोजमापाचा नाही. जागे झाल्यानंतरची कॉर्टिसॉलची उसळी आणि तणावाच्या प्रसंगी लाळेत दिसणारी मोकळ्या कॉर्टिसॉलची वाढ, या दोन्ही गोष्टी गोळी घेणाऱ्या स्त्रियांमध्ये मंद असल्याचे अनेक प्रयोगांत दिसले आहे. दैनंदिन जीवनात तिचा अर्थ काय, याविषयी संशोधकांत मतभेद आहेत.

गोळीची वेळ

लय गोळीला घडवते का, यापेक्षा गोळी वेळेवर घेतली जाते का, हा प्रश्न घेणारीच्या दृष्टीने अधिक निकडीचा असतो. गोळी रोज घ्यावी लागते आणि मनुष्य विसरतो. १९६० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील इलिनॉय राज्यातले अभियंते डेव्हिड वॅग्नर यांनी, पत्नीने आजची गोळी घेतली की नाही यावरून घरात होणाऱ्या घोळाला कंटाळून, वारांची खूण असलेली तबकडीसारखी गोल डबी तयार केली. आजच्या पाकिटांवरील वार व बाण हे त्या डबीचेच वंशज.

संयुक्त गोळी सकाळी घ्यावी की रात्री, याला शरीराच्या घड्याळाच्या दृष्टीने फारसे महत्त्व नाही. मळमळ होत असल्यास रात्री जेवणानंतर घेणे सोयीचे पडते. एखादी गोळी चुकली तर आठवताच घ्यावी व पुढील गोळी नेहमीच्या वेळी घ्यावी. लागोपाठ दोन वा अधिक चुकल्यास आठवताच एक घेऊन क्रम पुढे चालू ठेवावा, आणि सलग सात दिवस गोळ्या घेतल्या जाईपर्यंत निरोधसारखे जोडसाधन वापरावे. सर्वांत धोक्याची चूक पाकिटाच्या सुरुवातीची किंवा अखेरची, कारण तिने सात दिवसांचा संप्रेरकविरहित काळ लांबतो आणि तेवढ्यात अंडाशय पुन्हा कामाला लागू शकते. त्या सात दिवसांत येणारा रक्तस्राव ही खरी पाळी नव्हे; संप्रेरके अचानक थांबल्याने गर्भाशयाचे अस्तर सुटते इतकेच. गोळीचे प्रारंभीचे जनक ग्रेगरी पिंकस व जॉन रॉक यांनी गोळीचा क्रम मध्ये थांबवण्याची रीत नैसर्गिक चक्राशी साम्य राहावे म्हणून ठेवली. ब्रिटनमधील लैंगिक व प्रजनन आरोग्य तज्ज्ञांच्या अधिकृत मार्गदर्शनाने २०१९ मध्ये स्पष्ट केले की या खंडाचा आरोग्याला काही लाभ नाही.

केवळ प्रोजेस्टोजेन असलेल्या गोळ्यांबाबत घड्याळ अधिक कडक आहे. लेव्होनॉर्जेस्ट्रेल किंवा नॉरएथिस्टेरॉन यांच्या अल्पमात्रेच्या गोळ्या प्रामुख्याने गर्भाशयमुखातील स्राव दाट करून शुक्रजंतूंना अडवतात. हा परिणाम काही तासांत शिखरावर पोहोचतो आणि चोवीस तास संपत येता ओसरू लागतो. त्यामुळे अशा गोळीस तीन तासांहून अधिक उशीर झाल्यास ती चुकली असे धरतात. डेसोजेस्ट्रेलची गोळी अंडमोचनही थांबवत असल्याने तिला बारा तासांची सवलत आहे.

रात्रपाळी करणाऱ्या परिचारिका, कॉल सेंटरमधील कर्मचारी व पोलीस यांच्यासमोर वेगळाच पेच असतो. ‘झोपण्यापूर्वी गोळी’ ही सवय लावली तर झोपेची वेळ बदलताच गोळीची वेळही बदलते. त्यांनी गोळी झोपेशी न बांधता भिंतीवरच्या घड्याळाशी, दोन्ही पाळ्यांत जागेपणी येणाऱ्या एखाद्या वेळेशी बांधावी. परदेशप्रवासातही हाच न्याय लागू पडतो. मुंबईत रात्री नऊ वाजता गोळी घेणाऱ्या स्त्रीची ती वेळ न्यूयॉर्कला हिवाळ्यात सकाळी साडेदहाला येते. तेथे पोहोचून रात्रीचे नऊ वाजण्याची वाट पाहिली तर साडेदहा तासांचा उशीर होतो. संयुक्त गोळीच्या बाबतीत तो खपून जाईल, तीन तासांच्या सवलतीच्या गोळीच्या बाबतीत नाही.

घड्याळाचा हा जाच नको असलेल्यांसाठी सरकारी आरोग्य केंद्रांत ‘अंतरा’ हे दर तीन महिन्यांनी घ्यावयाचे इंजेक्शन मिळते; २०१७ पासून त्याचा कार्यक्रमात समावेश आहे. त्याच्या जोडीला दिली जाणारी ‘छाया’ ही साप्ताहिक गोळी अनेकदा याच मालिकेत गणली जाते. वस्तुतः ती लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने शोधलेल्या सेंटक्रोमन या संप्रेरकेतर द्रव्याची आहे. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी ती घ्यायची असते.

पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या

महाराष्ट्रात गौरी-गणपती, लग्नकार्य किंवा तीर्थयात्रा यांच्या सुमारास पाळी पुढे ढकलण्यासाठी घेतल्या जाणाऱ्या गोळ्या बहुधा नॉरएथिस्टेरॉनच्या असतात. पाच मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीनदा, अपेक्षित तारखेच्या तीन दिवस आधीपासून. शुचिर्भूततेच्या कल्पनांचा विचार हा या लेखाचा विषय नाही, परंतु या गोळ्यांविषयीचे दोन गैरसमज येथे दूर करणे आवश्यक आहे. अशा रीतीने घेतल्यास त्या भरवशाचे गर्भनिरोधक ठरत नाहीत. आणि त्या ‘साध्या’ही नाहीत. या मात्रेत नॉरएथिस्टेरॉनच्या काही अंशाचे शरीरातच एथिनिल इस्ट्राडायॉलमध्ये रूपांतर होते, व ते प्रमाण संयुक्त गोळीच्या जवळ जाते. म्हणजे तापमान, झोप व चहा यांविषयी वर सांगितलेले येथेही लागू होते. त्याहून गंभीर बाब अशी की, शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा पूर्वेतिहास असलेल्या किंवा आभासह अर्धशिशी, म्हणजे डोळ्यांपुढे चमकणाऱ्या रेषा दिसून नंतर उठणारी डोकेदुखी, असणाऱ्या स्त्रीने त्या डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊ नयेत. सणाच्या गडबडीत औषधाच्या दुकानातून चिठ्ठीविना आणलेल्या गोळीसोबत ही विचारपूस होत नाही.

संशोधनातील उणिवा

मराठीत संततिनियमनाची जाहीर चर्चा र. धों. कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढून धीटपणे केली. गोळी त्यांच्या हयातीत आली नाही. ती आल्यानंतरही चर्चेचा रोख बहुतांशी पाळणा लांबवण्यावर राहिला, घेणारीच्या दिवस-रात्रीवर नव्हे. जागतिक विज्ञानाचीही स्थिती फारशी निराळी नव्हती. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९७७ मध्ये गर्भधारणाक्षम वयाच्या स्त्रियांना औषधांच्या प्रारंभिक चाचण्यांतून वगळण्याची शिफारस केली आणि ती १९९३ मध्ये मागे घेतली. दैनिक लयीच्या अनेक अभ्यासांत मासिक चक्राची ‘अडचण’ नको म्हणून केवळ तरुण पुरुष निवडले जात. स्त्रिया घेतल्या तर काही ठिकाणी गोळी घेणाऱ्यांना वगळत, काही ठिकाणी सर्वांना एकत्र मोजत. गोळीतील द्रव्यांचे प्रकार, त्यांच्या मात्रा आणि पाकिटातील दिवस यांची वेगळी नोंद न ठेवता काढलेल्या सरासरीत, वर पाहिलेले तापमानाचे किंवा मेलाटोनिनचे फरक सहज बुजून जातात. गोळीचा कोणता प्रकार, कितवा दिवस आणि दिवसातील कोणती वेळ, या तिन्ही नोंदी ठेवणारे अभ्यास आता वाढू लागले आहेत.